माल्डी-टॉफ तंत्राने पिकांवरील रोगकारकांची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्डी-टॉफ हे लेसरच्या साह्याने प्रथिनांचे वस्तुमान मोजून सूक्ष्मजीव ओळखण्याचे तंत्र आहे. ही उत्तरे वनस्पती-रोगशास्त्राचे विद्यार्थी, रोपवाटिकाचालक आणि प्रयोगशाळेकडे नमुने पाठवणारे बागायतदार यांना समोर ठेवून लिहिली आहेत. उदाहरणे मुख्यतः डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगाची घेतली आहेत, कारण या तंत्राचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या एकाच रोगात उघडपणे दिसतात.

हे यंत्र नेमके काय मोजते?

ते सूक्ष्मजीवाच्या पेशीतील प्रथिनांचे वस्तुमान मोजते. अशा वस्तुमान-मापनाच्या तंत्राला मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात आणि तिचे प्रकार अनेक आहेत. सूक्ष्मजीवांच्या ओळखीसाठी रूढ झालेल्या माल्डी-टॉफ पद्धतीत साधारण २,००० ते २०,००० डाल्टन (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) या पट्ट्यातील प्रथिने टिपली जातात. मोजणीच्या आलेखात या पट्ट्यात दिसणारी बरीचशी शिखरे रायबोसोममधील, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांमधील, प्रथिनांची असतात. वाढणाऱ्या पेशीत रायबोसोम विपुल असतात, त्यांतील बरीच प्रथिने आकाराने लहान असतात, आणि वाढीचे माध्यम थोडे बदलले किंवा वसाहत (माध्यमावर वाढलेला सूक्ष्मजीवांचा पुंजका) एक दिवसाने जुनी झाली तरी त्यांचे प्रमाण फारसे ढळत नाही. ओळख पटवण्यासाठी असाच स्थिर आधार लागतो.

उदाहरणार्थ, ई. कोलाय या जिवाणूच्या रायबोसोममधील एल-२९ या प्रथिनाचे शिखर सुमारे ७,२७४ डाल्टनवर दिसते. दुसऱ्या जातीत याच प्रथिनातील एखादे अमिनो आम्ल वेगळे असेल, तर ते शिखर काही डाल्टनने पुढेमागे सरकते. अशा अनेक शिखरांची एकत्रित मांडणी हा त्या जातीचा ठसा मानला जातो. कोणते शिखर कोणत्या प्रथिनाचे आहे हे यंत्र दैनंदिन तपासणीत सांगत नाही. ते केवळ पूर्ण ठसा आपल्याजवळच्या ठशांशी ताडून पाहते.

प्रत्यक्ष मोजणी कशी होते?

ताज्या वसाहतीचा अगदी थोडा अंश निर्जंतुक टूथपिकने उचलून पोलादी पट्टीवरील आखलेल्या गोल ठिपक्यावर पातळ पसरवतात. येथे नवखा हात हमखास जास्त माल लावतो. थर जाड झाला की वर्णपट (शिखरांचा आलेख) बिघडतो, त्यामुळे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच लेप पुरेसा असतो. तो वाळल्यावर त्यावर सुमारे १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स सोडतात. हे मॅट्रिक्स म्हणजे बहुधा अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्लाचे अ‍ॅसिटोनायट्राइल आणि ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल असलेले द्रावण असते. वाळताना त्याचे स्फटिक बनतात आणि प्रथिने त्या स्फटिकांत अडकतात.

पट्टी यंत्रातील निर्वात कक्षात गेल्यावर तिच्यावर अतिनील लेसरचे झोत पडतात; जुन्या यंत्रांत हा ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर असतो. मॅट्रिक्स ती ऊर्जा शोषून घेते आणि उडताना प्रथिनांनाही सोबत नेते. त्या दरम्यान प्रथिनांवर बहुतांशी एकच धन विद्युतभार बसतो. सुमारे २० किलोव्होल्टच्या विद्युतदाबाने हे भारित कण, म्हणजे आयन, एका निर्वात नळीत ढकलले जातात. सर्वांना ऊर्जा सारखीच मिळालेली असल्याने हलके आयन लवकर पोहोचतात व जड मागाहून येतात. आयनाला लागणारा वेळ हा त्याच्या वस्तुमान-भार गुणोत्तराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, आणि त्या वेळेवरूनच वस्तुमान काढले जाते. एका ठिपक्यासाठी हे सारे एखाद्या मिनिटात आटोपते.

द्राक्षांची रेसिड्यू तपासणी होते ते यंत्र हेच का?

नाही. निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशकांचे अवशेष एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस या प्रकारच्या यंत्रांवर तपासले जातात. तत्त्वाचे कूळ एकच असले तरी तेथे लहान रेणू विलग करून त्यांचे प्रमाण मोजले जाते. त्यामुळे रेसिड्यू तपासणारी प्रयोगशाळा रोगकारकही ओळखून देईल, असे गृहीत धरू नये.

या तंत्राचा शोध कोणी लावला?

जर्मनीतील फ्रान्झ हिलेनकॅम्प आणि मिखाएल कारास यांनी १९८० च्या दशकात मॅट्रिक्सची पद्धत विकसित केली. त्याच सुमारास जपानमधील शिमाड्झू कंपनीतील अभियंता कोइची तानाका यांनी ग्लिसरीनमध्ये कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी मिसळून मोठी प्रथिने न तुटता आयनरूपात आणून दाखवली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात तानाका यांना वाटा मिळाला, परंतु आज प्रयोगशाळांत वापरात आहे ती पद्धत हिलेनकॅम्प-कारास यांच्या वाटेने आलेली आहे. अख्ख्या जिवाणूपेशी थेट पट्टीवर लावून त्यांचे ठसे घेण्याचे शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रुग्णालयांनी हे तंत्र उचलून धरले, आणि या रुग्णालयीन वारशाचे परिणाम वनस्पती-रोगशास्त्राला अजूनही भोगावे लागतात. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

डाग पडलेले पान किंवा फळ थेट यंत्रात तपासता येते का?

येत नाही. पानाचा तुकडा वाटून पट्टीवर लावला तर वर्णपटात वनस्पतीची प्रथिने आणि पानावर राहणाऱ्या असंख्य निरुपद्रवी सूक्ष्मजीवांची प्रथिने यांची सरमिसळ होते. म्हणून रोगकारक आधी माध्यमावर वाढवून त्याचे शुद्ध कल्चर (केवळ त्याचीच वाढ) मिळवावे लागते. माझ्या मते संपूर्ण तपासणीतील सर्वांत कौशल्याचा टप्पा हाच आहे.

तेल्याचा नमुना घेऊन हे पाहू. पानावर पाणी भरल्यासारखा, तेलकट दिसणारा ताजा डाग निवडतात. त्याची कड कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जिवाणूंचा धुरकट लोंढा बाहेर पडताना दिसतो. तो दिसला नाही, तर पुढे जाण्याआधी दुसरा डाग घ्यावा. नंतर निरोगी व रोगट भागाच्या सीमेवरचा तुकडा सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात अल्पकाळ बुडवून, निर्जंतुक पाण्याने धुऊन, थेंबभर पाण्यात चिरडतात आणि ग्लुकोजयुक्त न्यूट्रियंट अगार या माध्यमावर रेघा ओढतात. झान्थोमोनास या तेल्याच्या जिवाणूच्या फिकट पिवळ्या, फुगीर, बुळबुळीत वसाहती दिसायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात.

गफलत होते ती इथे. पँटोइया नावाच्या जिवाणूच्या वसाहतीही पिवळ्याच असतात, तो पानांच्या पृष्ठभागावर सर्रास आढळतो आणि बहुधा पहिल्याच दिवशी वाढून वर येतो. घाईने ती वसाहत उचलली, तर यंत्र पँटोइयाचे नाव अगदी खात्रीने देईल. ते उत्तर यंत्राच्या दृष्टीने बरोबर आणि बागायतदाराच्या दृष्टीने निरुपयोगी असेल. कुजलेल्या फळातून किंवा सडलेल्या कांद्यातून जिवाणू वेगळा करताना ही अडचण आणखी वाढते, कारण तेथे मूळ रोगकारकाच्या मागोमाग मृतोपजीवींची (मेलेल्या भागावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची) गर्दी झालेली असते.

मग 'काही मिनिटांत निदान' या दाव्याचा अर्थ काय?

मोजणी मिनिटांत होते हे खरे आहे, परंतु घड्याळ शुद्ध वसाहत हाती आल्यापासून लावलेले असते. तेल्यासारख्या रोगात पान प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून नाव मिळेपर्यंत सुमारे चार-सहा दिवस धरावेत. वसाहत तयार झाल्यानंतरचे जैवरासायनिक चाचण्यांचे किंवा डीएनए अनुक्रमणाचे दिवस मात्र यात वाचतात.

तेल्या या पद्धतीने खात्रीने ओळखता येतो का?

जिवाणूची जाती ओळखता येते. रोगाचे नाव त्यावरून आपोआप निघत नाही. हा भेद समजून घेणे आवश्यक आहे.

तेल्याचा जिवाणू पूर्वी झान्थोमोनास अ‍ॅक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी या नावाने ओळखला जाई. आता त्याचा समावेश झान्थोमोनास सिट्री या जातीत केला जातो. कागदी लिंबावरील खैऱ्या रोगाचा जिवाणू याच जातीचा आहे, आणि कपाशीवर कोनाकृती ठिपके पाडणारा, ज्याच्या रोगाला काळा करपा म्हणतात तोही याच जातीत मोडतो. म्हणजे महाराष्ट्रातील तीन वेगवेगळ्या पिकांवरील तीन वेगवेगळे रोग एकाच जातीच्या तीन पॅथोव्हारांमुळे होतात. पॅथोव्हार हे वर्गीकरण जिवाणू कोणत्या पिकावर कोणता रोग घडवतो यावर बेतलेले आहे. ही क्षमता बहुतांशी जिवाणू वनस्पतीच्या पेशीत सोडत असलेल्या विशिष्ट प्रथिनांवर अवलंबून असते, आणि माल्डीच्या ठशात प्राधान्याने दिसणाऱ्या रायबोसोमच्या प्रथिनांशी तिचा थेट संबंध नाही. त्यामुळे तिघांचे ठसे एकमेकांच्या फार जवळ येतात आणि नेहमीच्या जुळणीत यंत्र तिघांनाही झान्थोमोनास सिट्री एवढेच म्हणू शकते.

काही गटांत, पुरेसे नमुने घेऊन आणि सूक्ष्म फरक दाखवणारी शिखरे शोधून, पॅथोव्हारपर्यंत किंवा उपजातीपर्यंत पोहोचता आले आहे. परंतु ते संशोधनाचे काम आहे आणि प्रत्येक गटासाठी ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. व्यवहारात तेल्याचे निदान तीन गोष्टींच्या मेळातून होते. नमुना डाळिंबाचा आहे आणि फळावर इंग्रजी 'एल' किंवा 'वाय' अक्षरासारख्या भेगा व तेलकट डाग आहेत, ही झाली लक्षणे. त्यातून मिळालेला शुद्ध जिवाणू झान्थोमोनास सिट्री आहे, हे सांगते माल्डी. आणि तो डाळिंबाच्या निरोगी पानावर टोचल्यास तसेच डाग पाडतो किंवा पॅथोव्हारविशिष्ट पीसीआर चाचणीत (ठरावीक डीएनए तुकडा शोधणाऱ्या चाचणीत) सकारात्मक येतो, हा शेवटचा पुरावा. रोपवाटिकेच्या प्रमाणीकरणासारख्या कामात, जेथे एका निष्कर्षावर हजारो रोपांचे भवितव्य ठरते, तेथे यांपैकी एकही कडी वगळू नये.

झान्थोमोनासच्या बुळबुळीत वसाहतींचा मोजणीत अडथळा होतो का?

होऊ शकतो. या जिवाणूभोवती झान्थन गमचे आवरण असते आणि ते पट्टीवर चिकट थर धरते. अशा वेळी पेशी पाण्यात मिसळून, इथेनॉलने धुऊन, सेंट्रिफ्यूज करून, नंतर ७० टक्के फॉर्मिक आम्ल व अ‍ॅसिटोनायट्राइल यांनी प्रथिने काढली तर वर्णपट स्वच्छ येतो. यात अर्धा तास जास्त जातो, परंतु इथेनॉलमुळे जिवाणू मरतात हा वेगळा लाभ आहे. क्वारंटाइनमधील जिवाणू हाताळताना तो विशेष उपयोगी पडतो.

अहवालातील 'स्कोअर' कसा वाचावा?

ब्रुकर कंपनीच्या बायोटायपर प्रणालीत जुळणीचा गुणांक ० ते ३ या मापावर मिळतो. उत्पादकाच्या रूढ निकषाप्रमाणे २.०० किंवा अधिक गुणांक म्हणजे उच्च विश्वासाची ओळख, १.७० ते १.९९ म्हणजे कमी विश्वासाची, बहुधा प्रजातीपुरती (जीनसपुरती) धरायची ओळख, आणि त्याखाली ओळख पटली नाही असे मानतात. बायोमेरियू कंपनीची व्हायटेक एमएस प्रणाली विश्वासाची टक्केवारी देते. हे निकष प्रामुख्याने रुग्णालयीन जिवाणूंवर घासूनपुसून ठरलेले आहेत हे विसरू नये.

केवळ पहिल्या क्रमांकाचे नाव पाहून थांबणे चुकीचे आहे. यादीतील पहिल्या दहा जुळण्या पाहाव्यात. त्या सर्व एकाच जातीच्या असतील आणि गुणांक हळूहळू उतरत असतील, तर निष्कर्ष भक्कम असतो. पहिली जुळणी एका जातीची व दुसरी भलत्याच जातीची असून दोघांच्या गुणांकात नाममात्र फरक असेल, तर त्या अहवालावर जातीचे नाव लिहिण्याचे धाडस करू नये.

रोगकारक यंत्राच्या लायब्ररीतच (ठशांच्या संदर्भसंग्रहातच) नसेल तर काय होते?

मतदारयादीत नाव नसलेला माणूस कितीही खरा असला तरी त्याला मतदान करता येत नाही, तशीच येथील स्थिती आहे. यंत्र एक तर 'ओळख पटली नाही' असे सांगते, नाही तर यादीतील जवळच्या नातलगाचे नाव पुढे करते, आणि दुसरी शक्यता अधिक घातक असते. कंपन्यांच्या लायब्ऱ्या मुख्यतः रुग्णालयांसाठी बांधल्या गेल्याने त्यांत माणसाच्या रोगजंतूंच्या एकेका जातीच्या अनेक नोंदी सापडतात, तर वनस्पतींच्या रोगकारकांच्या नोंदी विरळ असतात. असलेल्या नोंदीही बहुधा इतर देशांत गोळा केलेल्या प्रकारांच्या (स्ट्रेनच्या) असतात.

यावर उपाय म्हणजे स्वतःची लायब्ररी बांधणे. त्यासाठी आधी डीएनएच्या आधारे पक्की ओळख पटलेले जिवाणू लागतात. जिवाणूंच्या ओळखीसाठी सर्रास पाहिले जाणारे १६-एस जनुक झान्थोमोनाससारख्या गटात जवळच्या जाती वेगळ्या करायला अपुरे पडते, म्हणून गायरेझ-बी सारखी जनुके किंवा संपूर्ण जीनोम पाहतात. मग एका प्रकाराची प्रथिने काढून ती आठ ठिपक्यांवर लावतात, प्रत्येक ठिपका तीनदा मोजतात, आणि मिळालेल्या २४ वर्णपटांतून सदोष वगळून किमान २० वर्णपटांचा मिळून एक संदर्भठसा तयार करतात. एका जातीसाठी एकच प्रकार घेऊन भागत नाही; वेगवेगळ्या जिल्ह्यांतील, वेगवेगळ्या वर्षांतील प्रकार घ्यावेत, आणि रोगकारकाच्या जोडीने त्याच पिकावर आढळणारे निरुपद्रवी सोबतीही नोंदवावेत, कारण पँटोइयासारखा सोबती लायब्ररीत असेल तरच तो वेळीच बाजूला काढता येतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यातून झगमगीत शोधनिबंध निघत नाहीत, म्हणूनच ते मागे पडते. यंत्र विकत घेण्यापेक्षा लायब्ररी बांधण्यावर खर्च झालेला वेळ अधिक मोलाचा ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

जिवाणूंचे नामकरण बदलत राहते, त्याचा अहवालावर परिणाम होतो का?

निश्चित होतो. टोमॅटो, वांगी, मिरची व आले यांवरील जिवाणूजन्य मर रोगाचा कारक दीर्घकाळ राल्स्टोनिया सोलॅनॅसिएरम या एकाच नावाने ओळखला जात होता. २०१४ मध्ये त्याची तीन जातींत विभागणी झाली आणि भारतात प्रामुख्याने आढळणारा फायलोटाइप १ हा वंशगट राल्स्टोनिया स्यूडोसोलॅनॅसिएरम या जातीत गेला. लायब्ररी जुनी असेल तर अहवालात जुने नाव येईल. ते पाहून रोग वेगळा आहे असा समज करून घेऊ नये. या तीन जाती माल्डीने वेगळ्या करता येतात, अर्थात लायब्ररीत तिघींच्याही नोंदी असल्या तर.

बुरशीजन्य रोगांसाठी हे तंत्र चालते का?

चालते, परंतु जिवाणूंइतके सहज नाही. बुरशीची पेशीभित्तिका कायटिनमुळे टणक असते, तिचे रंगद्रव्य वर्णपट दाबून टाकू शकते, आणि तंतू, बीजाणू व जुनी-नवी वाढ यांची प्रथिने वेगवेगळी असल्याने एकाच बुरशीचे ठसे वयाप्रमाणे बदलतात. म्हणून द्रव माध्यमात ठरावीक काळ वाढवून, फॉर्मिक आम्लाने प्रथिने काढून मगच मोजणी करतात.

फ्युजारियमच्या जाती वेगळ्या करण्यात या पद्धतीने चांगले यश मिळाले आहे. मात्र हरभऱ्यावरील मर आणि केळीवरील पनामा मर हे दोन्ही रोग फ्युजारियम ऑक्सिस्पोरमच्या पीकविशिष्ट प्रकारांमुळे होतात, आणि तेथे तेल्यासारखीच अडचण पुन्हा उभी राहते. केळीच्या बाबतीत बिहार व उत्तर प्रदेशात आढळलेली ट्रॉपिकल रेस ४ (पनामा मर घडवणाऱ्या बुरशीचा एक प्रकार) आली आहे की नाही, हा जळगावच्या उत्पादकाला पडणारा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रेसविशिष्ट पीसीआरने शोधावे. माल्डीच्या अहवालावर विसंबू नये.

कोणते रोग या पद्धतीने सापडणारच नाहीत?

जो रोगकारक माध्यमावर वाढत नाही, तो नेहमीच्या माल्डी तपासणीच्या कक्षेबाहेर राहतो. नागपुरी संत्र्यावरील ग्रीनिंगचा जिवाणू, उसावरील गवताळ वाढ आणि वांग्यावरील पर्णगुच्छ घडवणारे फायटोप्लाझ्मा (पेशीभित्तिका नसलेले जिवाणू) हे सर्व त्यात येतात. सर्व विषाणूही त्यात येतात, मग तो पपईवरील रिंगस्पॉट असो वा केळीवरील पर्णगुच्छ. त्यांच्यासाठी एलायझा (प्रतिपिंडांवर आधारित चाचणी) किंवा पीसीआर याच वाटा आहेत. द्राक्षावरील केवडा आणि भुरी, तसेच गव्हावरील तांबेरा यांच्या बुरशी जिवंत पानावरच वाढतात. अशा बुरशींचे बीजाणू पानावरून थेट गोळा करून त्यांचे ठसे घेण्याचे प्रयोग झाले आहेत, पण हे रोग अनुभवी डोळ्यांना आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला ओळखू येतात, तेव्हा त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न उरतोच.

पीसीआर उपलब्ध असताना हे तंत्र कशासाठी वापरावे?

पीसीआर 'अमुक रोगकारक आहे का' या प्रश्नाला उत्तर देते. म्हणजे संशय आधी ठरलेला असावा लागतो. वसाहत कोणाची आहे याचा काहीच अंदाज नसेल, तेव्हा माल्डीचा उपयोग होतो. बियाण्याच्या एका नमुन्यातून शंभर वसाहती आल्या असतील, तर त्या सर्व एका दिवसात तपासून त्यांतील संशयास्पद अशा मोजक्याच डीएनए अनुक्रमणासाठी पाठवता येतात. यंत्र महाग आहे आणि त्याचा देखभाल करारही महाग असतो, परंतु प्रत्येक नमुन्यामागे लागणारे साहित्य अगदी स्वस्त असते; त्यामुळे नमुन्यांचा ओघ मोठा असलेल्या ठिकाणीच ते परवडते. उलटपक्षी, लक्षणे न दाखवणाऱ्या रोपातील सुप्त संसर्ग हुडकायचा असेल तर पीसीआरच वापरावी.

जिवाणू औषधाला दाद देतो की नाही, हे यातून कळते का?

नेहमीच्या ओळखीच्या मोजणीतून कळत नाही. त्यासाठी औषध मिसळलेल्या माध्यमावर जिवाणू वाढवून पाहावा.

महाराष्ट्रात अशी सोय कोठे आहे?

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी संलग्न असलेले राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र शुद्ध कल्चरची ओळख माल्डी-टॉफने पटवून देण्याची सेवा पुरवते. बुरशीसाठी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत भारतीय राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. अशा संग्रह केंद्रांकडे शुद्ध कल्चर पाठवायचे असते, पान नव्हे. ते वेगळे करून घेण्यासाठी आधी कृषी विद्यापीठाच्या वनस्पती-रोगशास्त्र विभागाकडे किंवा डाळिंबाच्या बाबतीत सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे विचारणा करावी.

शेतकऱ्याने नमुना कसा घ्यावा?

फवारणीच्या आधी घ्यावा. ताम्रयुक्त औषध किंवा प्रतिजैविक फवारल्यानंतर डाग दिसत राहतात, पण त्यातील जिवाणू माध्यमावर वाढेलच असे नाही. वाळलेले, काळे पडलेले जुने डाग टाळून नुकतेच उमटलेले डाग असलेली पाने व फळे निवडावीत, ती धुऊ नयेत, वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदात गुंडाळावीत आणि प्लास्टिकच्या पिशवीत ओली कोंडू नयेत. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत नमुना राहिल्यास आतील मूळ जिवाणू मागे पडून इतरांचीच वाढ होते. सोबत वाण, बहार, आधीच्या फवारण्या आणि डाग प्रथम कधी दिसले ते लिहून द्यावे.

चांगल्या अहवालात काय नमूद असावे?

वसाहत कोणत्या माध्यमावर, किती तासांची होती. प्रथिने थेट लेपाने घेतली की काढून. कोणती लायब्ररी व तिची कोणती आवृत्ती वापरली. किती ठिपके मोजले आणि प्रत्येकाचा गुणांक काय आला, हे त्यात असावे. अहवालात पॅथोव्हारचे किंवा रेसचे नाव दिले असेल, तर ते कोणत्या चाचणीच्या आधारे लिहिले हे प्रयोगशाळेला अवश्य विचारावे.